सोलापूरला असला सिनेमा चालत नाही, हे कुणी ठरवलं?

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते, वितरक आणि सोलापूर शहरातील चित्रपटगृहांचे चालक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एक हलकाफुलका मराठी चित्रपट आमच्या शहरात लागला आणि दुसऱ्या शुक्रवारी उतरवला गेला. त्याच आठवड्यात पुण्यात तो संध्याकाळच्या खेळांना सुरू होता. तिकीट खिडकीवर चौकशी केली, तर उत्तर मिळालं, "सोलापूरला असला सिनेमा चालत नाही, ताई." सांगणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला जे सांगितलं गेलं, तेच त्याने मला सांगितलं. पण ते वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याच्यापर्यंत माझं म्हणणं पोहोचावं आणि माझ्यासारख्या इतर प्रेक्षकांनीही ते वाचावं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

चित्रपटाचं आणि चित्रपटगृहाचं नाव मी घेणार नाही. माझी तक्रार एका पडद्याशी किंवा एका निर्मात्याशी नाही. अशा प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला हेच येतं, हे मी बरीच वर्षं बघते आहे.

माझा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. मशीनवर बसणाऱ्या बायका, ओव्हरलॉकवाली, काज-बटणवाल्या दोघी आणि एक कटिंग मास्तर, एवढा आमचा संसार. बहुतेकींचं काम पीसवर चालतं, म्हणजे जितके नग तितके पैसे. सकाळी नऊला मशीन सुरू होते आणि संध्याकाळी सातच्या पुढे बंद होते. सिनेमा हा आमच्या वर्गाचा जुना शौक आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की माणसं थेट खेळाला जायची, हे मी वडिलांकडून ऐकलंय. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले, शिलाईचे कारखाने वाढले, पण दिवसभर उभं राहून किंवा वाकून काम केलेल्या माणसाला अडीच तास हसावंसं वाटतं, यात काही बदललेलं नाही.

आता तुम्ही लावलेली वेळ बघा. पहिल्या आठवड्यात सकाळी पावणेदहाचा एक खेळ आणि दुपारी सव्वाबाराचा एक. संध्याकाळी एकही नाही. पावणेदहाला माझ्या बायका मशीनवर असतात. पूर्वभागातल्या विडी कामगार बायका त्या वेळेला विडी कंपनीच्या शाखेत विड्या जमा करायच्या रांगेत असतात, नाहीतर पाला-तंबाखू घेऊन घरी निघालेल्या असतात. सव्वाबाराला कॉलेजची मुलं वर्गात, दुकानदार गल्ल्यावर, शिक्षक शाळेत. त्या दोन खेळांना रिकामा कोण होता, याचा विचार कुणी केला का? २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी दुपारी १२ ते रात्री ९ मधली वेळ द्यायला सांगितलं. सव्वाबाराचा खेळ लावला की कागदावर तो नियम पाळल्यासारखा होतो. प्रेक्षकाला त्याचा उपयोग शून्य. मग सोमवारी तुम्ही आकडे बघता, खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि सोलापूरला आवड नाही असा शेरा मारून मोकळे होता.

आम्ही रविवारी सकाळच्या खेळाला गेलो. सुट्टीच्या दिवशी सकाळी घरातून निघणं म्हणजे बाईला काय काय उरकून निघावं लागतं ते मी सांगायला नको. तरी आल्या. येताना सासवांना, पोरांना घेऊन आल्या. आणि त्या दिवशी मी जी चर्चा ऐकली, ती तुमच्यापैकी कुणी ऐकली असती तर चित्रपट शुक्रवारी उतरवायची हिंमत झाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. विवाह मंडळाच्या कार्यालयात नोंदी ठेवणारा एक लाजरा मुलगा. जुन्या कपाटात त्याला मुंडावळ्यांची जोडी सापडते. त्या कपाळाला बांधल्या की समोरच्या माणसाच्या मनातलं त्याला ऐकू येतं. सोडल्या की बंद. मग काय, बघण्याच्या कार्यक्रमांत हा रुमाल बांधून त्याखाली मुंडावळ्या लपवून बसतो आणि मुलाकडचे, मुलीकडचे मनात काय बोलतायत ते ऐकतो. एक दिवस एक मुलगी नाव नोंदवायला येते, पण स्वतःचं नव्हे, आपल्या विधवा आईचं. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

मध्यंतरात चहा घेताना आमच्या ओव्हरलॉकवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरीच्या आधी आईचं लावा म्हणावं, लई बरं वाटंल." त्यांना स्वतःला चाळिशीत वैधव्य आलेलं. पुढे चित्रपटात आईचं लग्न खरंच आधी लागलं, तेव्हा मी अंधारातच त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून हसत होत्या. आईच्या होणाऱ्या नवऱ्याच्या मनात लग्नाच्या बोहल्यावर फक्त "मसाले भात गार होतोय" एवढाच विचार चालू असतो, त्या प्रसंगाला अख्खं थिएटर हसलं. सोलापूरला असलं चालत नाही म्हणता, ते ह्याच शहरातलं थिएटर होतं.

एका विडी कामगार बाईंचं मत मला फार मोलाचं वाटलं. त्या आमच्या एका शिलाईवालीच्या शेजारीण, घरी तेलुगू बोलतात. त्या म्हणाल्या, "जादू दिली तर उतारा पण दिला पाहिजे. ह्याच्यात उतारा कुठाय?" त्यांचं म्हणणं असं की, जुन्या गोष्टीत शाप असला की उःशाप असतो, मंत्र असला की तो सुटायची वेळ सांगितलेली असते. इथे मुंडावळ्यांत ती शक्ती आली कशी आणि जाणार कधी, हे दिग्दर्शकाने सांगितलंच नाही. त्यांच्या घरात १९५७ सालचा तेलुगू 'मायाबजार' अजून बघितला जातो. घटोत्कच नवरीचं रूप घेऊन मांडवात बसतो आणि लग्नाचं जेवण एकटाच फस्त करतो, ते त्यांच्या पोरांनाही माहीत आहे. ज्या बाईला घटोत्कचाच्या मायेचा नियम कळतो, तिला फँटसी कळत नाही असं तुम्ही कोणत्या आधारावर धरून चाललात?

कटिंग मास्तरांचं म्हणणं वेगळं. त्यांना पहिला भाग जितका आवडला, तितका दुसरा नाही. मुंडावळ्या चोरायला मध्येच एक गुंड येतो, गाड्यांचा पाठलाग होतो, मारामारी होते. मास्तर म्हणाले, "काय बे, एवढं चांगलं चाललं होतं, ह्यो मधीच कशाला आला?" मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. मनातलं ऐकू येणं हाच केवढा मोठा पेच होता. त्या पेचातून विनोद आणि प्रेम दोन्ही निघत होतं. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून गुंड आणला, हे स्पष्ट दिसतं.

माझी भाची कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा आक्षेप ऐकून मी गप्प झाले. ती म्हणाली, "मावशी, त्याने तिचं मन तिला न विचारता ऐकलं. इतके दिवस ऐकलं. मग शेवटी नुसतं सॉरी म्हणून कसं चालेल?" तिच्या मते नायकाने नायिकेच्या हातात मुंडावळ्या द्यायला हव्या होत्या आणि तिला त्याचं मन ऐकू द्यायला हवं होतं, पुरतं, लाज वाटेल ते सगळं. या प्रश्नावर आमच्यात रिक्षात बसेपर्यंत वाद चालू होता. ओळखीचे एक निवृत्त शिक्षक बाहेर भेटले, तेही त्यात उतरले. त्यांना वाटलं की शेवटच्या प्रसंगात नायकाला मुंडावळ्यांशिवायच तिचं मन ऐकू येतं, म्हणजे दिग्दर्शकाने आपलाच नियम मोडला. भाची म्हणाली, नाही सर, त्याला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तर तो पहिल्यांदा तिला तोंडाने विचारतो. मला भाचीचं पटतं. तो प्रसंग माझ्या मते पूर्ण चित्रपटातला सर्वांत चांगला आहे. दोघं कार्यालयाच्या पायरीवर बसलेली, मुंडावळ्या कपाटात परत ठेवलेल्या, आणि तो प्रश्न विचारायला चार वेळा तोंड उघडून मिटतो. असा प्रसंग लिहिणाऱ्याला मी सलाम करते.

एवढं बोलायला लावणाऱ्या चित्रपटाला काही परीक्षणांनी "डोकं बाजूला ठेवून बघा" असं म्हणून निकालात काढलं. आणि दुखतं ते हे की तुम्ही निर्माते स्वतः जाहिरातीत तेच म्हणालात. डोकं बाजूला ठेवून आम्ही काहीच बघत नाही. विनोदी म्हणजे उथळ, जादूची गोष्ट म्हणजे पोरकट, प्रेमकथा म्हणजे कॉलेजच्या मुलांसाठी, हे कप्पे तुम्ही पाडलेत. प्रेक्षकाने पाडलेले नाहीत.

या मातीत ही गोष्ट परकी नाही, हेही सांगायला हवं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कॅमेऱ्याच्या करामती करून लोकांना थक्क केलं. म्हणजे आपला सिनेमा चालायला लागला तोच चमत्काराचं बोट धरून. 'मायाबजार'ची गोष्ट मराठी माणूस वत्सलाहरण म्हणून ओळखतो, कीर्तनातून ऐकतो. आणि आमच्या सोलापूरचं काय सांगू? दर संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ लाखो लोक अक्षता टाकायला जमतात. आमचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा ध्यास घेतलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायची संमती दिली, त्या विवाहाचा तो सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, आणि अक्षता टाकताना डोळे भरून आलेली माणसं. ही आमची श्रद्धा आहे, तिची तुलना मी कुठल्या चित्रपटाशी करत नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की, ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अशी कथा हृदयाशी धरली, त्या शहराला डोळ्यांपलीकडची गोष्ट समजत नाही असं म्हणू नका.

आणखी एक सल आहे, तो निर्मात्यांसाठी. २०२४ साली 'मुंज्या' आला आणि देशभर चालला. दिग्दर्शक मराठी, कथा कोकणातल्या पिंपळावरच्या मुंज्याची, भाषा हिंदी. मी तो बघितला, मला आवडला. पण बघताना सारखं वाटत होतं, हा आपल्या भाषेत का नाही? १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये रामदास पाध्यांच्या बाहुल्याने पिढ्या घाबरल्या आणि हसल्या, तेव्हा काय मोठं बजेट होतं? कल्पना पक्की होती आणि तिच्यावर मेहनत होती. आज आपल्याकडच्या अशा चित्रपटांत पडद्यावरची जादू घाईत उरकलेली दिसते. गेल्या महिन्याच्या चित्रपटातही मन ऐकू येताना दर वेळी तोच निळा झोत आणि तोच आवाज. नुसता नटाचा चेहरा दाखवला असता तरी चाललं असतं, त्याचा चेहरा तेवढा बोलका होता.

सोलापूर जिल्ह्याचं नाव सिनेमात निघालं की तुम्हाला 'सैराट' आठवतो. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. करमाळ्याच्या परिसरातला तो चित्रपट, २०१६ साली त्याने मराठीतली तोवरची सर्वांत मोठी कमाई केली. पण त्यानंतर सोलापूरकडचं म्हणजे दुष्काळ, ऊस, भांडणं आणि रक्त, असंच जणू ठरून गेलं. हलक्या प्रेमकथेतली माणसं मात्र कायम पुण्याच्या नाहीतर मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहतात. विवाह मंडळ सोलापूरच्या नवी पेठेत असू शकत नाही का? मुंडावळ्या घालून लपतछपत हिंडणारा नायक पार्क चौकातल्या गर्दीत शोभणार नाही का? इथे घराघरात तीन-तीन भाषा बोलल्या जातात. मनातलं ऐकू येणाऱ्या नायकाला एखाद्याच्या मनातलं तेलुगूत, दुसऱ्याच्या मनातलं कन्नडमध्ये ऐकू आलं असतं तर केवढी मजा आली असती!

तिकिटाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. तरीही आम्हाला सकाळच्या रिकाम्या खेळालाही शंभरावरचंच तिकीट काढावं लागलं. पीसवर काम करणारी बाई दोन पोरांना घेऊन आली तर तिची अर्ध्या दिवसाची कमाई त्यातच जाते.

तर माझ्या मागण्या अशा.

चित्रपटगृहचालकांनो, अशा मराठी चित्रपटाला पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी आठच्या आसपासचा एक खेळ द्या. दोन नको, एकच द्या, पण रोज एकाच वेळेला. आज एक वेळ, उद्या दुसरी, असं झालं की कुणाला सांगताही येत नाही. तिकीट शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी शंभराच्या आत ठेवा.

वितरकांनो, दुसऱ्या आठवड्याचा निर्णय पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवर घेऊ नका. आमच्याकडे मोबाइलवर ट्रेलर बघून पहिल्या दिवशी धावणारे कमी, शेजारणीने सांगितल्यावर जाणारे जास्त. शेजारीण रविवारी बघणार, सोमवारी सांगणार, मग पुढच्या रविवारी बाकीच्या जाणार. तेवढा वेळ द्या. पूर्वी रिळांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या, म्हणून आमच्या वाट्याला चित्रपट उशिरा आणि थोडे दिवस यायचा, ते समजण्यासारखं होतं. आता डिजिटलमध्ये ती अडचण राहिलेली नाही. चित्रपट उतरवायचाच असेल तर निदान मंगळवारपर्यंत जाहीर करा, म्हणजे राहिलेली माणसं बुधवार-गुरुवारी तरी जातील.

निर्मात्यांनो, संकलन पक्कं करण्याआधी एक खेळ पुण्या-मुंबईबाहेर दाखवा. सोलापुरात दाखवा, लातुरात, नांदेडला दाखवा. कटिंग मास्तरांसारख्या माणसाला विचारा, विडी कामगार बाईंना विचारा. गुंड नको होता हे तुम्हाला प्रदर्शनाआधीच कळलं असतं. जादूचे नियम कथेत नीट बसवा आणि शेवटपर्यंत पाळा. आणि जाहिरातीत आम्हाला डोकं बाजूला ठेवायला सांगू नका.

शेवटची मागणी गेल्या महिन्याच्या त्याच चित्रपटाविषयी. एका रविवारी, संध्याकाळी, तो सोलापुरात पुन्हा लावा. माझ्या कारखान्यातल्या सगळ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची तिकिटं मी आगाऊ पैसे भरून घेते. आजूबाजूच्या कारखान्यांतल्या मालकिणींशीही बोलणं झालंय, त्याही यायला तयार आहेत. फक्त तारीख आठवडाभर आधी कळवा आणि मार्चच्या आत ठरवा. त्यानंतर गणवेशाची घाई सुरू होते, मग रविवारीही मशीन बंद ठेवता येत नाही.

कळावे,
आपली,
सोलापूरची एक प्रेक्षक